शेतीचा तास, हिशेब रजेवर

शाळेत शेती हा विषय आणायचा, असं राज्य सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलं. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या, ज्यांची पोरं इंटरनॅशनल शाळेत जातात त्यांनी. ‘मुलांची मातीशी नाळ जुळली पाहिजे’ हे वाक्य गाडीची काच वर करून एसी लावला की फार छान सुचतं. ज्यांच्या पोरांच्या नखांत रोजच माती असते, त्या बापांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेकांनी एकच सांगितलं असतं, ‘सर, पोराचं गणित-इंग्रजी तेवढं पक्कं करा. शेतीचं मी बघतो.’

म्हणून विषय नको, असं मात्र नाही. विषय हवाच. जोतीराव फुल्यांनी तो १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात मागितला होता. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांची यादी बघा: मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शाळेला जोडून छोटं आदर्श शेत असावं, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरता येईल असे ते असावेत, हेही त्यांनी सांगितलं होतं. आजच्या गुरुजींच्या एका हातात मतदारयादी असते, दुसऱ्या हातात माहिती भरायची लिंक. तिसरा हात असता तर नांगरही धरला असता बिचाऱ्यांनी.

फुल्यांच्या यादीत हिशेब आणि शेती एकाच दमात येतात. आपण शेती तेवढी उचलली आणि हिशेब बांधावर ठेवून आलो.

शेतीचं शालेय पुस्तक साधारण कसं असतं? जमिनीचे प्रकार, खतांचे प्रकार, सिंचनाचे प्रकार, गाईंच्या जाती. पीक पेरलं जातं, उगवतं, त्यावर कीड पडते, फवारणी होते, काढणी होते. मग धडा संपतो. खऱ्या शेतकऱ्याची परीक्षा तिथून सुरू होते, पण तोवर तास संपल्याची घंटा झालेली असते.

बरं, वेळापत्रक कुणी केलं? शाळा भरते जूनमध्ये, ऐन पेरणीत. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे. हरभरा-गहू काढायला येतात तेव्हा वार्षिक परीक्षा. मे महिन्यात रान मोकळं असतं, तेव्हा शाळाही मोकळी. त्यामुळे आईबरोबर कापूस वेचायला गेलेली मुलगी हजेरीपटावर ‘गैरहजर’ असते आणि शाळेच्या कुंपणाला चार मेथीचे वाफे करून फोटो अपलोड करणारा वर्ग ‘उपक्रमशील’ ठरतो. वाफ्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह लागतो. मेथी उगवली की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

केंद्रीय मंडळाच्या नववी-दहावीला कृषी हा कौशल्य विषय आहे. पास झालेलं मूल कशासाठी तयार होतं? टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा पिकवण्यासाठी. बाप जन्मभर हेच करत आलाय. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली, असं समजायचं का? आपल्या राज्यात अकरावी-बारावीला पीकशास्त्र किंवा पशुविज्ञान आणि दुग्धव्यवसाय असे २०० गुणांचे द्विलक्षी विषय आहेत. घेणारे घेतात, कारण मार्क पडतात. पुढे बीएस्सी ॲग्री होतात आणि मग अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतात. शेतीचं सगळ्यात खात्रीचं पीक म्हणजे कृषी अधिकारी.

तर आमची नम्र सूचना अशी की, पुस्तकाची शेवटची चार पानं आमच्याकडे द्या.

पान पहिलं, कांदा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात दहा गोण्या कांदा नेला. वजन ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून पट्टी हातात आली २ रुपये ४९ पैशांची. चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. प्रश्न : (अ) एकूण कपात किती? (आ) या कपातीत कोण कोण तोट्यात गेलं? (इ) ४९ पैसे कुठं गेले, थोडक्यात टीप लिहा. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, बँकव्यवहार, नागरिकशास्त्र, सगळं एका कागदात. वर्गात प्रोजेक्टर नसला तरी चालेल, अशी पट्टी निम्म्या मुलांच्या घरात खिळ्याला टोचलेली असते.

पान दुसरं, दूध. पशुविज्ञानात देवणी, खिल्लार, डांगी, लाल कंधारी ही नावं मुलं धडाधडा म्हणतात. तीच मुलं सकाळी शाळेआधी डेअरीवर किटली घेऊन रांगेत असतात. गाईच्या दुधाचा दर जाहीर होतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) या प्रतीसाठी. मशीननं ३.४ दाखवलं की दर खाली. तेच दूध दुसऱ्या मशीनवर किती दाखवतं? वजनकाट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का कुठं असतो? गाय आटल्यावर तिच्या वैरणीचा खर्च कोणत्या लिटरवर टाकायचा? भाकड जनावराचं काय करायचं? हे प्रश्न पुस्तकात नाहीत. ‘गाय हा उपयुक्त पशू आहे’ हे मात्र नक्की असतं.

पान तिसरं, ऊस. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरलेली रक्कम १४ दिवसांत द्यायची, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मुलांनी दोनच कामं करायची. गाडी बाहेरच्या काट्यावर आणि कारखान्याच्या काट्यावर अशी दोनदा तोलायची. आणि चौदाव्या दिवशी वडिलांचं पासबुक बघायचं. एक भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक, दुसरं नागरिकशास्त्राचं. काटामारी हा शब्द पोरांना घरीच येतो, शिकवायची गरज नाही.

पान चौथं, हमीभाव. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. सरकारी हिशेबात उत्पादन खर्च क्विंटलला ३,५५२. दीडपट झालं, टाळ्या. पण हा खर्च कोणता? बियाणं, खत, औषध, मजुरी असा पदरचा खर्च आणि घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत. त्याला ‘ए-२ अधिक एफएल’ म्हणतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घातलेल्या भांडवलाचं व्याज धरलं की ‘सी-२’ होतो. तो जास्त भरतो, म्हणून शेतकरी संघटना त्यावर दीडपट मागतात आणि सरकार पहिल्यावर देतं. गावातला किराणावाला स्वतःच्या गाळ्याचं भाडं आणि मालात अडकलेल्या पैशाचं व्याज धरूनच भाव लावतो, त्याला कुणी आयोग नेमून ते सोडायला सांगत नाही. नववीच्या मुलाला हा फरक दोन तासांत कळतो. त्या ‘एफएल’मध्ये त्याचा सुट्टीतला घामही मोजलेला आहे, हे कळायला तिसरा तास लागेल.

आणि भाव जाहीर झाला म्हणजे मिळाला, असंही नाही. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकलं जात होतं. ‘जाहीर’ आणि ‘हजर’ यांत फरक काय, हा प्रश्न दोन गुणांना ठेवायला हरकत नाही.

हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुलं तिथल्या पद्धतीनं हातानं काम करतात, गावाला सेवा देतात आणि काम झालं की साहित्य, मजुरी धरून खर्च मांडतात. हा अभ्यासक्रम इतर शाळांतही गेला. चाळीस वर्षं चालू आहे, म्हणजे त्याला ‘पथदर्शी प्रकल्प’ म्हणून नमस्कार करून बाजूला ठेवण्याइतका तो जुना झालाय.

मग घोडं पेंड कुठं खातं? तालुक्याच्या शाळेच्या फाटकावरची पाटी वाचा. संस्थेचे अध्यक्ष कोण? तेच बऱ्याच ठिकाणी कारखान्याचे संचालक, दूध संघाचे मार्गदर्शक, आणि बाजार समितीत त्यांचंच पॅनेल. त्यांच्या शाळेत, त्यांनी नेमलेल्या शिक्षकानं, त्यांच्याच काट्याचं प्रात्यक्षिक घ्यायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. त्यापेक्षा गांडूळखत बरं. गांडूळ कधी निवडणुकीला उभं राहत नाही.

तेव्हा काय होईल ते सांगून ठेवतो. विषय येईल, पुस्तक येईल, पाठोपाठ गाइड येईल. परसबाग स्पर्धेत पहिला नंबर काढतील, साहेबांच्या हस्ते रोप लावतील. आणि ‘शेतमालाची विक्री’ हा शेवटचा धडा फेब्रुवारीपर्यंत होणार नाही, मग सर सांगतील, ‘हा ऑप्शनला टाका.’ पोरं खुशीनं टाकतील. त्यांच्या बापांनाही आजवर प्रत्येक सरकारनं तेच तर सांगितलंय, उत्पादन वाढवा, भावाचा प्रश्न ऑप्शनला टाका.