काका, स्टँड!

आपल्याकडे रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात ती दोनच कारणांनी. एक पत्ता, दुसरं ‘काका, स्टँड!’ माझ्या जुन्या गाडीवर मी पंचवीस वर्षं ही हाक ऐकली. एकदा तर एका स्कूटरवर मागे बसलेल्या बाईंनी पुढचा सिग्नल येईपर्यंत माझा पाठलाग केला होता.

नव्या गाडीने हे सगळं बंद केलं. साइड स्टँड खाली ठेवून गिअर टाकला, की इंजिनच गप्प. कुणी ओरडायचा प्रश्नच नाही.

यंदा जुलैत मात्र तिने कमाल केली. न्यूट्रलला छान सुरू व्हायची, पण पहिला टाकला की फुस्स. स्टँड वर होता. मी उतरून, वाकून, हात लावून पाहिला. वर म्हणजे वरच! दहा वेळा हेच झाल्यावर सोसायटीचा वॉचमन आला आणि त्याने विचारलं, “पेट्रोल आहे ना?” (ज्याला गाडीतलं काही कळत नाही, त्याला पेट्रोल कळतं.) दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी खिडकीतूनच चोक द्यायला सांगितलं. या गाडीला चोकच नाही, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो विकून खाल्ला. तिसऱ्या एकाने उजव्या हाताकडचं लाल बटण कशाचं, म्हणून दाबून पाहिलं. ते इंजिन बंद करायचं. मग गाडी न्यूट्रललाही सुरू होईना आणि ते बटण लक्षात येईपर्यंत आमची वीस मिनिटं गेली.

शेवटी मेकॅनिक आला. “न्यूट्रलला चालते? मग बॅटरी, फ्यूज, स्टार्टर सगळं ओके. क्लच दाबलेला असतानाच मरते ना? मग स्टँडचा स्विच.” एवढं बोलून तो चिखलात आडवा झाला. स्टँडच्या बिजागरीशी काड्यापेटीएवढा काळा डबा होता आणि त्यावर लिंपलेला निम्मा पावसाळा. त्याने वायरींना मीटर लावला. स्टँड वर घेतला की पीं वाजायला हवं होतं. वाजलं नाही.

“डायरेक्ट करून टाकू? दोन वायरी जोडल्या की पुन्हा कटकट नाही.”

मी ‘हो’ म्हणणारच होतो. तेवढ्यात मागून हिचा आवाज आला, “यांची? डायरेक्ट?”

जुन्या गाडीवर आम्ही मंडईतून येत होतो, तेव्हाची गोष्ट. स्टँड खाली राहिलेला. उजवीकडे वळलो तेव्हा काही झालं नाही. डावीकडे गाडी कलली आणि स्टँड रस्त्याला टेकला. पुढे अर्धा किलो टोमॅटो, एक ओढा आणि आम्ही दोघं. टोमॅटो परत मिळाले नाहीत.

“साफ करा,” मी म्हणालो.

ब्रश, स्प्रे, पीं. गाडी पळाली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर मेली. दुसऱ्यावरही. मेकॅनिकने स्टँडला बोटाने टिचकी मारली. तो पेंगुळलेल्या माणसाच्या मानेसारखा खाली आला. स्प्रिंग ढिली. म्हणजे आता स्विच खरं बोलत होता.

नवी स्प्रिंग बसवून निघालो, तर पुढे एका पोराचा स्टँड लोंबकळत होता. इतक्या वर्षांचं देणं फेडायची संधी! मी वेग वाढवला, त्याच्या बरोबरीला आलो आणि ओरडलो, “अरे, स्टँड!”

त्याने टाचेने स्टँड वर केला, माझ्या गाडीकडे पाहिलं आणि तितक्याच आपुलकीने ओरडला,

“काका, इंडिकेटर!”