सोम्याचा वार

मोझार्टचं नाव वोल्फगांग. गटेचंही तेच. या जुन्या जर्मन नावात लांडगा आहे आणि त्याची चाल आहे. तरी कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट भारदस्त वाटतं. आपण लांडगे आडनावात बांधून ठेवले आणि पोरांना देवांची नावं वाटली.

शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांत मात्र पूर्वी देवाआधी वार बघत. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या. अर्थबिर्थ कुणी विचारला नाही. पुढे शाळेत नाव घालताना जन्मतारखेची पंचाईत झाली, की मास्तर १ जून ठोकून देत. त्यामुळे आज वाडीतले निम्मे म्हातारे आधारकार्डावर एकाच दिवशी जन्मलेले. कागद खोटा, पण सोम्याचा सोमवार पक्का! इतकं प्रामाणिक नाव मला तरी दुसरं माहीत नाही.

आधीची मुलं दगावलेल्या घरात दगडू, धोंडू, कचरू जन्माला येत. यमाला वाटावं, इथं उचलून नेण्याजोगं काही नाही. पोराचं कौतुक पोटात ठेवून ओठावर कचरा आणायचा, हे सोपं नव्हे.

आणि कुणी सरळ हिराजीच ठेवी. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झालेल्या दोघांपैकी एक हिराजी पाटील. दुसरे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. पण विठ्ठल म्हणून त्यांना कोण ओळखतं? ते भाई कोतवाल. थोर माणसाचंही पाळण्यातलं नाव लोक असं परस्पर बदलून टाकतात, तिथं तुमच्याआमच्या बारशाची काय कथा!

आता नावं मोबाइलवर शोधतात. रेयांश, विहान, कियान. अर्थ सोबत छापून येतो. पण या नावांची परीक्षा होते ती पौष पौर्णिमेला, मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत. बैलबाजाराच्या धुरळ्यात नातू हरवला, की आजी माइकवाल्याकडे धावते.

“आजी, पोराचं नाव काय?”

“बाल्या.”

“अहो, असे पन्नास बाल्या असतील जत्रेत. खरं नाव सांगा.”

“ह्याच खरा. दुसरा माझ्या तोंडात बसत नाय.”