मेंदूची वाटणी

पूर्वी पोराला गणित जमलं नाही, की "मामावर गेलाय" एवढं म्हणून विषय संपायचा. मामा परगावी असल्यामुळे वादही होत नसे. आता मामाची सुटका झाली आहे, कारण आता पोरगं 'राइट ब्रेन'चं असतं. उजव्या मेंदूची माणसं म्हणे कलाकार, मनस्वी, स्वप्नाळू. डाव्या मेंदूची माणसं हिशेबी, शिस्तीची, कपाटातले रुमालसुद्धा आकाराप्रमाणे लावणारी. पत्रिकेत निदान तीन गण तरी होते. इथे सगळी मनुष्यजात दोनातच भागवायची.

आपण कुठल्या बाजूचे, हे ठरवायला व्हॉट्सॲपवर एक नर्तकी येते. काळी आकृती, एका पायावर गरगर फिरणारी. ती उजवीकडे फिरताना दिसली तर तुम्ही उजव्या मेंदूचे, डावीकडे दिसली तर डाव्या. आमच्या फॅमिली ग्रुपवर ती आली, की नातेवाइकांत दोन तट पडतात. नोबुयुकी कायाहारा या जपानी माणसाने ती २००३ साली केली, ती नजरेची गंमत म्हणून. आकृती नुसती सावली असल्यामुळे कुठला पाय पुढे नि कुठला मागे, हे चित्रात नसतंच. ते आपणच मनाने ठरवतो. त्यावरून कोणाला पेटी वाजवता येईल आणि कोणाला जीएसटी भरता येईल, हे कळायचा काही मार्ग नाही.

या सगळ्याचं मूळ मात्र खरं आणि गंभीर आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात काही रुग्णांना अपस्माराचे इतके तीव्र झटके येत, की शेवटचा उपाय म्हणून शल्यचिकित्सकांनी त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा जाड जुडगा कापला. झटके आटोक्यात आले. रॉजर स्पेरी यांनी या माणसांवर साधे पण चतुर प्रयोग केले आणि १९८१च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. बोलण्याचं काम बहुतेकांत डावा अर्धगोल सांभाळतो, तर जागेचा नि आकाराचा अंदाज घेण्यात उजवा तरबेज असतो, हे त्यातून पुढे आलं.

स्पेरींचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांचा पुढचा एक प्रयोग मला फार आवडतो. अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाने भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. दोन्ही बरोबर. आता विचारलं, "फावडं कशाला?" उत्तर देणार डावा मेंदू, आणि त्याने तर बर्फ पाहिलेलाच नाही. "माहीत नाही" म्हणायला हरकत नव्हती. पण तो जराही न अडखळता म्हणाला, खुराडं साफ करायला फावडं लागतं ना!

हे वाचल्यापासून मी सोसायटीच्या वार्षिक सभेत वेगळ्या नजरेने बसतो. खजिनदार कोण होणार, असा प्रश्न निघाला, की सभागृहातले निम्मे लोक एकाएकी उजव्या मेंदूचे होतात. "आकडे म्हणजे आपला प्रांत नव्हे हो, आपला पिंडच कलेचा." वाक्य कसं मुद्देसूद! आधी कारण, मग निष्कर्ष, वर नम्रता. ते जुळवणारा कारागीर डोक्याच्या डाव्या बाजूलाच बसलेला असतो. आपण उजव्या मेंदूचे आहोत, हे पटवून द्यायलाही डावाच लागतो.

आमच्या शेजारच्या काकू दिवाळीत पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढतात. मधली ओळ पंधराची, मग दोन्ही बाजूंना चौदा, तेरा करत आठापर्यंत, प्रत्येक ठिपका मागच्या दोघांच्या मधोमध. एकूण १६९ ठिपके. चिमटीतून ते टाकत असताना काकू सुनेशी भावाच्या घरच्या लग्नाबद्दल बोलत असतात, पण एकही ठिपका चुकत नाही. रेषा ओढायला सुरुवात झाली की मात्र गप्प. तासाभराने त्या नेटक्या षटकोनात मोर उभे राहतात. यात हिशेब कुठे संपला आणि कला कुठे सुरू झाली, ते मला आजवर दिसलेलं नाही. काकूंना विचारलं तर म्हणतील, "रांगोळीवर पाय देऊ नका, तेवढं बघा." भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'तलं गणित श्लोकांत मांडलं, भुंगे नि हंस यांच्यासह, त्यांनाही कोणी बाजू विचारली नसावी.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हजारावर माणसांचे मेंदूचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला झुकलेली दिसली. माणसं झुकलेली दिसली नाहीत. साधं संभाषणसुद्धा एका बाजूने निभत नाही. सासूबाई म्हणतात, "छान झालीये हो भाजी." शब्दांचा अर्थ लावण्यात डाव्याचा पुढाकार, त्याच्या मते ही स्तुती. पण सूर ओळखण्यात उजवा अर्धगोल पटाईत, आणि भाजीत मीठ नाही हे तो तेवढ्यात ताडतो. ज्या घरात या दोघांचं पटतं, तिथे जेवणं शांततेत होतात.

म्हणून मला वाटतं, हिशेब नको असेल तर "मला कंटाळा येतो" असं सरळ म्हणावं. त्यात मेंदूला गोवू नये. 'माझा मेंदूच तसा' म्हटलं की दार बंद होतं, आणि ते पोरांच्या बाबतीत तर फारच लवकर बंद होतं. कंटाळ्याचं तसं नाही, तो जातो. चांगला मास्तर भेटला तर जातो, कधी गरज पडली म्हणून जातो, आणि सोसायटीच्या खात्यात पाण्याच्या टँकरचे पैसे कुठे गेले याचा संशय आला, तर कलेचा पिंड असलेली माणसंसुद्धा वही उघडून पहाटेपर्यंत बेरजा करत बसतात.