मालक, टाकीचा हिशेब द्या

पंपमालक साहेब,


तुमचं नाव इथे लिहीत नाही. वाचलंत की ओळखाल. पाच रुपयांचा हिशेब चुकला तर तुम्ही पंपावरच्या पोराच्या पगारातून कापता, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. इतक्या काटेकोर माणसाला आपल्या टाकीतलं पेट्रोल कुठे जातं हे कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

रोज सकाळी टाकीत साठा मोजायचा डिप रॉड उतरतो. कालचा साठा, दिवसाची विक्री, टँकरनं ओतलेला माल, सगळं रजिस्टरला चढतं. उन्हानं थोडी तूट येते, ती कंपनीही धरून चालते. पण तूट महिनोन्‌महिने एकाच बाजूला झुकत राहिली तर ती हवेत उडालेली नसते. त्यात पावसाळ्यात रॉडच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग पालटतो, म्हणजे टाकीत पाणी शिरलेलं असतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी सोसत नाही. इथेनॉल पाण्याला धरून तळाला बसतं आणि गिऱ्हाइकाची गाडी पुढच्या चौकात बंद पडते. तशा गाड्या बंद पडल्या, तेव्हा तुम्ही तळचं पाणी उपसून टाकलंत आणि पुन्हा विक्री सुरू केलीत. पाणी झाकणातून आलं असेल, असं म्हणाल. मग टाकीची आणि पाइपची दाब-चाचणी करून घ्या आणि दाखवा. पत्र्यालाच भोक असेल, तर आषाढात जिथून पाणी आत येतं तिथूनच चैत्रात, जमिनीतलं पाणी खाली गेलं की, पेट्रोल बाहेर पडतं.

तुमच्या मागच्या बोळात एक जुना आड आहे. त्यातून घागर वर यायच्या आधी वास वर येतो. पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. लोहाच्या पाण्यावरचा तवंग काठी फिरवली की पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुटलेलाच राहतो. हा मात्र तुटून पुन्हा जुळतो. तुमचा मॅनेजर म्हणाला, गॅरेजवाल्यांचं जळकं ऑइल असेल. असेलही! गॅरेजवालेही गटारीत ओततात, त्यांनाही सोडू नये. पण पेट्रोल कुठलं आणि इंजिन ऑइल कुठलं, हे प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर वेगळं दिसतं. नमुना द्यायला तुम्हीच का कचरता?

वासापेक्षा मला बिनवासाची भीती जास्त आहे. पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलेलं आहे. पिण्याच्या पाण्यात त्याच संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. एक लिटर पेट्रोलमध्ये साडेआठ ग्रॅमच्या आसपास बेंझिन असू शकतं. तेवढं साडेआठ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. एवढ्या कमी प्रमाणात त्याचा वास येत नाही. आणि क्षार, नायट्रेट, जडपणा बघणारी नेहमीची तपासणी बेंझिन शोधतच नाही. शिवाय जमिनीतले जंतू आधी इथेनॉल खातात, त्यात प्राणवायू संपवतात आणि बेंझिन तसंच पुढे सरकत राहतं. म्हणजे हल्लीच्या पेट्रोलची गळती जुन्यापेक्षा लांब जाऊ शकते.

आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरुमातून आणि फटींतून चालतं, सरळ रेषेत नाही. शेजारची बोअर स्वच्छ आणि चार घरं पलीकडची खराब, असं होतं. म्हणून एका आडाच्या नमुन्यावर मी तुम्हाला दोषी ठरवत नाही. टाकीच्या चढाला एक आणि उताराला दोन-तीन निरीक्षण बोअर मारा. साचलेलं पाणी उपसून टाका, ताजं पाणी काचेच्या बाटलीत गच्च भरा, वर हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्या. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, आणि हे वर्षानुवर्षं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पाणी वर-खाली झालं की ते मातीला लेप देत जातं आणि दर पावसाळ्यात तोच लेप पुन्हा धुतला जातो. एका नमुन्यावर 'सगळं ठीक' म्हणणारा कागद कुणी आणलाच, तर तो मला दाखवू नका.

सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या सासवडला चोरांनी पेट्रोलची वाहिनी फोडली, तेव्हा पेट्रोल शेतात मुरलं, विहिरीत उतरलं. तिथे निदान बोभाटा झाला, पोलीस आले. तुमची गळती असेल, तर ती तुमच्याच रजिस्टरमध्ये, तुमच्याच सहीनं लिहिलेली असेल.

जमिनीखालच्या पाण्याचं मोल आपल्या कोल्हापूरला महापुरात कळलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांवर गेली. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, शहराचे नळ कोरडे पडले. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला घोट नाही! तेव्हा लोक टँकरमागे धावले आणि बोअरवर रांगा लावून उभे राहिले. त्या दिवसांत तुमच्याही घरचं पाणी बोअरचंच होतं ना? हे शहराचं राखीव पाणी आहे, मालक. ते तुमच्या नफ्या-तोट्याच्या वहीत कुठेच नाही, म्हणून फुकट नाही.

कायदाही तुम्हाला नवा नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याला विहिरीत किंवा जमिनीवर घाण सोडलेली चालत नाही. राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं साफ करण्याचा खर्च कारखानदारांवरच टाकला. सफाईच्या त्या खर्चापुढे चार बोअर स्वस्त पडतील, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

गेल्या पाच वर्षांचं साठा-रजिस्टर काढा. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात द्या, एक आम्हा बोळवाल्यांना द्या. बोअर मे संपायच्या आत मारा, म्हणजे पावसाआधीचा पहिला नमुना हाती लागेल. निकाल भावफलकाच्या शेजारी लावा, लिटरचा दर लिहिता तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि तोवर त्या आडाचं पाणी वापरणाऱ्या घरांना टँकर तुमच्या खर्चानं, उद्या सकाळपासून.

आपला,
मागच्या बोळातला एक रहिवासी