धोंड्याच्या महिन्यातले वाण

समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली ती दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात. त्याच दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, पढतमूर्खांचा हिशेब वेगळा मांडला. हे काम त्यांनी आमच्याच जिल्ह्यात, शिवथरघळीत बसून केले असे मानतात. तेव्हा या विषयातला रायगडकरांचा अधिकार कुणी नाकारू नये. दोन्ही समास मी नीट तपासले आहेत. जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर युनिक्सच्या जातकुळीची ऑपरेटिंग सिस्टिम टाकणारा मनुष्य त्यांत कुठेही नाही. म्हणजे समर्थांची हरकत नव्हती.

२०२३ साली श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चैन. रोह्याला सासुरवाडीत पानात धोंडे, ताम्हनात तेहतीस अनारसे आणि सासूबाईंचा प्रश्न, "जावईबापू, अंगठी करू या की चांदीचं निरांजन?" मी माळ्याकडे बोट दाखवले. सासऱ्यांच्या भातगिरणीचा हिशेब एके काळी ज्यावर होत असे तो पीसी-एक्सटी तिथे पोत्यात बांधून ठेवलेला होता. घरात थोडा वेळ कुणी बोलले नाही. सासऱ्यांचे डोळे मात्र भरून आले. भंगारवाल्याने तो दोनदा नाकारला होता, हे मला नंतर कळले. बायकोने त्या दिवशी या विषयावर चकार शब्द काढला नाही. अजूनही काढत नाही.

यंत्राची लायकी सांगतो. आयबीएमने एक्सटी काढला १९८३ साली. आमचा म्हणजे त्याची नक्कल. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. पुढच्या बाजूला टर्बो नावाचे एक बटण आहे, ते दाबले की वेग दुप्पट होतो आणि माणसाला उगीचच दाबून बसल्याचे समाधान मिळते. मेमरी ६४० केबी. सव्वापाच इंची, ३६० केबीचे दोन फ्लॉपी ड्राइव्ह. हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. हार्ड डिस्क नाही. फोनवर काढलेल्या अनारशांच्या एका फोटोसाठी अशी पाच-सहा यंत्रे एकापुढे एक मांडावी लागतील.

असे धन हाती आल्यावर शहाणा माणूस नवा लॅपटॉप घेईल. पण नव्या लॅपटॉपवर लिनक्स वीस मिनिटांत टाकून होते. मग पुढचे दोन महिने करायचे काय?

शिवाय ही परंपरा मी सुरू केलेली नाही. युनिक्सचा जन्मच मुळी अडगळीतला. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन टॉमसनला कोपऱ्यात पडलेले एक पीडीपी-७ यंत्र सापडले. त्यावर त्याला अवकाशात यान उडवायचा खेळ खेळायचा होता. बायको तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला सासरी गेली, तेवढ्यात याने ऑपरेटिंग सिस्टिम लिहून काढली. पुढे १९९१च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्सने त्याच वळणाच्या लिनक्सची वार्ता दिली तेव्हाही, हा आपला नुसता छंद आहे, मोठे काही नाही, असेच सांगितले. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्या छंदावर चालतात. मूर्खपणाला वेळ दिला की तो असा वयात येतो.

पण खरे लिनक्स मोठे झाले आणि मोठ्यांसारखेच वागू लागले. २०१२ साली त्याने ३८६ प्रोसेसरलाही दार बंद केले. त्याच्या दोन पिढ्या आधीच्या ८०८८ला कोण विचारतो? म्हणून काही दयाळू लोकांनी नव्वदीच्या दशकात एल्क्स नावाचे त्याचे बारके भावंड जन्माला घातले, आणि ते अजून हौसेने त्याला खाऊपिऊ घालत आहेत. कर्नल, शेल आणि रोजच्या कमांडी मिळून सगळा संसार एका ३६० केबीच्या फ्लॉपीत मावतो. याहून वरचे साधक आहेत. दिमित्री ग्रिनबर्ग नावाच्या गृहस्थाने २०२४ साली १९७१च्या इंटेल ४००४ चिपवर खरे लिनक्स चालवून दाखवले. ते सुरू व्हायला पावणेपाच दिवस लागतात. मुंबई-गोवा महामार्गाचे आमच्या बाजूचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. तेव्हा पावणेपाच दिवसांना पेण-वडखळकडचा माणूस उशीर म्हणणार नाही.

यंत्र मी रोह्याहून पेणला घरी रेल्वेने आणले. नागोठण्याला चढलेल्या एका काकांनी मांडीवरचा मॉनिटर पाहून विचारले, "टीव्ही दुरुस्तीला का?" मी युनिक्स म्हणालो. त्यांनी कासूपर्यंत खिडकीबाहेर पाहिले.

आता फ्लॉपीकडे येतो, कारण सगळा परमार्थ तिथेच अडतो. कोकणच्या पावसात चामड्याच्या चपलेला जे होते तेच फ्लॉपीला होते. काळ्या पाकिटाच्या लांबट खिडकीतून तपकिरी तबकडी दिसते. ती बोटाने हळूहळू फिरवली की पांढरे ठिपके येतात, ओलसर राहिलेल्या पोह्याच्या पापडावर येतात तसेच. बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडवर बसते आणि पुढच्या फ्लॉपीला प्रसाद देते. कानकोरणीला कापूस गुंडाळायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचा, तबकडी बोटभर पुढे सरकवायची, पुसायचे, पुन्हा सरकवायची. एका बाजूला पाऊण तास. आईने गच्चीचा दरवाजा उघडून आभाळ बघितले आणि मायेने विचारले, "पापडांबरोबर उन्हात घालू का रे?" फ्लॉपी उन्हात वाकते. पण आमच्या घरात या कामी मिळालेली ही पहिली सहानुभूती होती.

अशा तीस फ्लॉप्या पुसल्या. एकही बूट झाली नाही. कारण कळायला आठ दिवस लागले. एल्क्स फ्लॉपीवर लिहायला मी दुसरा एक जुना पीसी मिळवला होता, त्यातला ड्राइव्ह १.२ एमबीचा. त्याचे हेड अरुंद असते. जाड खडूने लिहिलेल्या ओळीवर बारीक पेन्सिलीने लिहावे तसे होते ते. एक्सटीचा जाडा ड्राइव्ह वाचताना खडूही वाचतो आणि पेन्सिलही, आणि गोंधळतो. भातगिरणीचे १९८९चे उधारीखाते माझ्या कर्नलमधून डोकावत होते. उपाय एकच, कधीच न वापरलेली कोरी फ्लॉपी. तशा पाच फ्लॉप्या सासूबाईंच्या कपाटात सापडल्या. किमती वस्तू म्हणून त्यांनी त्या लग्नातल्या शालूखाली ठेवल्या होत्या. शालूचा मान राखून मी त्या घेतल्या.

तिसरी फ्लॉपी चालली. दोनेक मिनिटे ड्राइव्ह जात्यासारखा घरघरला आणि हिरव्या अक्षरांत लॉगिन आले. रूट टाइप केले, पासवर्ड काही मागितला नाही. आयुष्यात प्रथमच मी एखाद्या जागी सर्वाधिकारी झालो. बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती.

या सिस्टिमचे तत्त्वज्ञान मराठी माणसाला परके नाही. युनिक्समध्ये प्रत्येक गोष्ट ही फाईल असते. कीबोर्ड फाईल, पडदा फाईल, ड्राइव्ह फाईल. ज्याने सातबाऱ्यासाठी एकदा तरी खेटे घातले त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पार्श्वभूमीला जे प्रोग्राम दिसत नाहीत पण काम करतात त्यांना डीमन म्हणतात. कोकणात राखणदार म्हणतात. फक्त ८०८८मध्ये एक उणीव आहे, एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखणारी सोयच त्यात नाही. म्हणजे शेते आहेत, पण बांध नाहीत. शेजारचा प्रोग्राम केव्हा आपल्यात घुसेल सांगता येत नाही आणि घुसला तर सगळे गाव आडवे. आमच्या तालुक्यात बांध असूनही हेच होते, म्हणून मी तक्रार केली नाही.

मग तारीख विचारली. एक्सटीला बॅटरीचे घड्याळ नसते. बंद केला की तो काळ विसरतो, आणि युनिक्सचा काळ जिथून मोजायचा तिथून पुन्हा सुरुवात करतो. पडद्यावर आले, गुरुवार, १ जानेवारी १९७०. म्हणजे माझ्या टेबलावर महाराष्ट्र अजून दहा वर्षांचा झालेला नाही. आमचा जिल्हा कुलाबा आहे. रायगड हे नाव १९८१ला मिळायचे आहे. रोह्याला रेल्वे यायची आहे. रिझर्व्ह बँकेला पहिले भारतीय गव्हर्नर मिळून गेले आहेत, ते चिंतामणराव देशमुख रोह्याशी घरचे नाते असलेले. पण पेणने त्या बँकेला २०१० साली जे काम दिले, ते अजून दिलेले नाही. त्या वर्षी एका सहकारी बँकेच्या बंद दारात जी शहाणी माणसे उभी राहिली त्यांनी सगळ्या ठेवी विचार करून ठेवल्या होत्या. मी त्या रांगेत तीन तास होतो. तुलनेने माझी फ्लॉपीतली गुंतवणूक अजून शाबूत आहे.

जुन्या ३२ बिटी युनिक्सचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरून जाईल, म्हणून जगभर काळजी करतात. आमचा एक्सटी रोज १९७०ला उठतो. त्याला २०३८ उजाडणारच नाही.

"पण याचा उपयोग काय?" हे अजून एकानेच विचारले, आणि तो मुंबईहून आला होता. पेणमध्ये असे विचारायची पद्धत नाही. इथे, हमरापुरात, जोह्यात वर्षभर मूर्ती घडतात आणि दीड दिवसात, फार तर दहा दिवसांत पाण्यात जातात. २०२३ साली गणपती सप्टेंबरात होते. आमच्या गल्लीत मूर्तींची आखणी करणारा एक कारागीर हात पुसत पाहायला आला. डोळे रंगवणाऱ्या माणसाची नजर असते तशी, लुकलुकणाऱ्या हिरव्या चौकोनावर बराच वेळ ठेवली. "गुगल लागतं?" नाही म्हटले. "लाईट गेली की?" मेमरीतले सगळे पुसले जाते म्हटले. "मग आमच्यासारखंच की," असे म्हणून तो कामाला गेला. आणि लाईट गेली.

आता शालूखालच्या पाचांपैकी दोनच फ्लॉप्या उरल्या आहेत. पेण ते रोहा या पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर, कपाटात किंवा देवघरामागे सव्वापाच इंची, डबल डेन्सिटी, कोऱ्या फ्लॉप्या असतील तर कृपा करून फेकू नयेत, आणि उन्हात तर मुळीच घालू नयेत. मी स्वतः गाडीने येऊन घेऊन जाईन. बदल्यात पेणचे पोह्याचे पापड मिळतील, चांगले वाळलेले.