एकच मुद्दा

मराठीचे सर वर्गात बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले की आम्ही ओळखायचो, आज गट पडणार. डब्यात चिठ्ठ्या असायच्या: ‘शारदा’, ‘एकच प्याला’, ‘तो मी नव्हेच’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘नटसम्राट’, ‘घाशीराम कोतवाल’. सहा नाटकं, सहा गट, गटात सहा जण, पंधरा मिनिटं, वीस मार्क. सरांच्या वहीत गटागणिक एक पान. नाटककार कोणी सांगायचा, कथानक कोणी, प्रवेश कोणी वाचायचा, सगळं शिस्तीत मांडलेलं. आमची वाटणी निराळी होती. एकजण नाटक वाचणार, एकजण पीपीटी करणार, एकजण पेन ड्राइव्ह सांभाळणार, दोघं टाळ्या वाजवणार आणि सहाव्याच्या मावसबहिणीचं नेमकं त्याच दिवशी लग्न निघणार.

सादरीकरणाच्या दिवशी सर घरून देवघरातली घंटा आणत. तीन घंटा स्वतः देत आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसत. “तिसरी घंटा झाली. आता मी प्रेक्षक. एक अक्षर बोलणार नाही.” हे ते अगदी मनापासून म्हणत.

‘तो मी नव्हेच’च्या गटातले पाचजण आलेच नाहीत. उरलेल्या एकाने सहाही जणांचं काम एकट्याने उरकलं. सर खूश. म्हणाले, “अरे, पणशीकरांच्यासुद्धा पाचच भूमिका होत्या!”

‘नटसम्राट’वाल्यांनी पहिल्याच स्लाइडवर लिहिलं, ‘पहिला प्रयोग: 1970’, आणि खाली नाना पाटेकरांचा फोटो लावला, 2016च्या सिनेमातला. सर बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग मागून आवाज आला, “एकच मुद्दा सांगतो.” मुद्दा डॉ. लागूंपासून निघाला. तिथून शिरवाडकरांवर, शिरवाडकरांवरून ‘किंग लिअर’वर. मग सरांनी खांद्यावर टेबलाचं फडकं टाकलं आणि ते स्वतःच अप्पासाहेब बेलवलकर झाले. आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातून अर्थशास्त्राच्या मॅडम धावत आल्या. “सर, बीपीची गोळी घेतलीत ना?” गट एव्हाना पहिल्या बाकावर बसून शेंगदाणे खात होता.

‘घाशीराम’च्या गटाला बारा ब्राह्मणांची भिंत उभी करायची होती. माणसं पाच. भिंतीत एवढी भगदाडं, की मागचा फळा वाचता येत होता. सरांना ते बघवेना. “एकच मुद्दा,” म्हणत ते उठले आणि भिंतीत जाऊन उभे राहिले. पोरं दमून खाली बसली तरी सर डुलतच होते. तेवढी भिंत मात्र मी अजून विसरलेलो नाही. पुढे खऱ्या प्रयोगाला गेलो तेव्हा बाराजणांत मी तेरावा शोधत होतो.

आमच्या वाट्याला ‘एकच प्याला’ आलं होतं. आठवडाभर आरशासमोर पाठ करून मी उभा राहिलो. “राम गणेश गडकरी जानेवारी 1919मध्ये वारले,” एवढं म्हटलं, तोच मागे बाक करकरलं.

“एकच मुद्दा. हे नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. म्हणजे लेखकाने त्याचा प्रयोग पाहिलाच नाही रे!” सरांचे डोळे भरून आले. मग सिंधू झालेले बालगंधर्व, मग तळीराम, मग सुधाकर. हातात प्याला हवा म्हणून कँटीनचा चहा मागवला गेला. पोऱ्याने विचारलं, “किती?” सर म्हणाले, “एकच.” चौथा ग्लास रिकामा झाला तेव्हा शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा होता. गटातली मुलगी पेन ड्राइव्ह घट्ट धरून बसली होती. तो लावायची वेळच आली नाही.

आम्हाला वीसपैकी अठरा मिळाले. दोन मार्क वेळेचं बंधन न पाळल्याबद्दल कापले होते.