ट्रान्झिस्टर स्विचचं प्रॅक्टिकल: नवशिक्यांसाठी खात्रीचा मार्ग

सुरुवात निष्कर्षापासून करावी. 'सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष रीडिंग यांत किरकोळ फरक आढळला, तो मानवी चुकीमुळे असावा' हे वाक्य जर्नलमध्ये आधीच सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं, की पुढचे आकडे त्याला जुळवून घेता येतात. सीनियर बॅचचं जर्नल हाती लागलं तर सोन्याहून पिवळं. फक्त तारीख तेवढी बदला.

आता सिम्युलेशनसाठी एलटीस्पाइस उघडा. पुरवठा ५ व्होल्टचा, कलेक्टरला १ किलोओहम, बेसला १० किलोओहम. यादीतून बीसी५४७बी निवडायची सोय असते, तिच्या वाटेला जाऊ नका. नुसता 'एनपीएन' राहू द्या. हा फार सालस ट्रान्झिस्टर: बीटा बरोबर १००, कपॅसिटन्स शून्य, चालू-बंद व्हायला लागणारा वेळही शून्य. बेसचा रेझिस्टर काढून टाकलात तरी धूर येत नाही. येईल तो एखादा भलताच आकडा. बेस ते ग्राउंड १ मेगाओहम लावायची हौस असेल तर '१एम' असं लिहा. स्पाइसच्या लेखी त्याचा अर्थ १ मिलिओहम, म्हणजे बेस थेट जमिनीला टेकला. स्विच काही केल्या चालू होणार नाही आणि दुपार छान जाईल. ('मेग' लिहितात ते लोक लवकर घरी जातात.)

लॅबमध्ये बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा बसवल्यावर मुळीच चालला नसता तर बरं झालं असतं. पण तो अर्धामुर्धा चालतो, आउटपुट मध्येच कुठेतरी लोंबकळतं आणि दोष पॉवर सप्लायवर जातो.

सरळ बसवल्यावर कलेक्टर-एमिटर व्होल्टेज मोजा. मीटर ०.०६च्या आसपास काहीतरी दाखवेल. पुस्तकात ०.२ आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांचा मान राखून ०.२ लिहायची प्रथा आहे. मग कलेक्टर करंटला बेस करंटने भागा: ४.९ भागिले ०.४३, म्हणजे जेमतेम ११. डेटाशीटमध्ये बीटा ११० ते ८००! ट्रान्झिस्टर खराब आहे असं मोठ्याने जाहीर करून दुसरा मागा. स्विच पक्का सॅच्युरेट व्हावा म्हणून बेसला आपणच गरजेच्या कितीतरी पट करंट पाजलाय, हे कुणी सांगू लागलंच तर ऐकू आलं नाही असं दाखवा.

खरी अडचण ऑसिलोस्कोपवर आहे. १०० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या. इनपुट खाली येतं, तरी आउटपुट वर जायला तयार नाही. मायक्रोसेकंदाच्या घरातला उशीर, स्क्रीनवर उघड दिसणारा. सिम्युलेशनमध्ये मात्र कडा सुरीने कापल्यासारख्या. आधी वायर बदला, मग ब्रेडबोर्ड, मग प्रोब, मग पार्टनर. प्रोब आणि ब्रेडबोर्ड मिळून वीसेक पिकोफॅरड धरले, तर १ किलोओहमबरोबर वीसेक नॅनोसेकंद होतात. एवढ्या उशिराचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही, पण फोडावं.

उशीर बेसमध्ये साठलेल्या चार्जचा असतो. हॉलची वेळ संपली म्हणून दिवे मालवले तरी वऱ्हाड दारात निरोप घेत उभंच, तसा तो चार्ज. तो निघून जाईपर्यंत कलेक्टरचा करंट थांबत नाही. सालस 'एनपीएन'मध्ये तो साठतच नाही. चुकून त्याच्या जागी बीसी५४७बीचं मॉडेल टाकलंत, तर कॉम्प्युटरही उशीर दाखवू लागेल, आणि तो आपल्या हातातल्या नगाशी तंतोतंत जुळणार नाही म्हणून दोन्ही ग्राफ पुन्हा काढावे लागतील. नकोच ते.

बेसच्या रेझिस्टरला समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला तर उशीर झपाट्याने कमी होतो. कुतूहल म्हणून लावलात आणि झालाच, तर सर या टेबलापाशी यायच्या आत काढून घ्या. जर्नलमध्ये 'साहित्य' या मथळ्याखाली कपॅसिटर नाही.